"जेंट्स कोण आहे सोबत?"

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक नेहमीपेक्षा दीड तास जास्त चालली. विषय रेशनकार्डांचे होते, एका मैत्रिणीच्या पोटगीची तारीख होती. पण वेळ खाल्ला तो एका जेवणाने. आम्ही अकराजणी सोलापुरातल्या एका मोठ्या, महागड्या हॉटेलात जेवून आलो होतो. "एवढ्या पैशात एका पोरीची कॉलेजची फी भरली असती," असं आमच्यातल्या एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या. त्या जेवायला आल्या नव्हत्या. मग सगळ्याच बोलायला लागल्या. त्या गलक्यात मला जे म्हणायचं होतं ते नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी पैशांचं बोलू, कारण आपल्या चळवळीत खर्च म्हटला की आपणच आधी ओशाळतो. गटाला दहा वर्षं झाली. त्यानिमित्त काय करायचं यावर हळदीकुंकवापासून अक्कलकोटच्या सहलीपर्यंत सगळं सुचवून झालं. शेवटी तीस वर्षं विड्या वळणाऱ्या एक अक्का म्हणाल्या, "रोज कारखान्याला जाताना ते काचेचं हॉटेल दिसतंय. आत काय असतंय ते बघायचंय मला." ठरलं. दर महिन्याला पन्नास रुपये, नऊ महिने. आमच्यात चौघी विडी कामगार, दोघी कडक भाकरी करून दुकानांना देणाऱ्या, एक अंगणवाडी सेविका, एक निवृत्त शिक्षिका, एक वकील, एक शिवणकाम करणारी आणि मी. सगळ्यांची वर्गणी सारखी. कुणी कुणाला जेवू घालायचं नाही, हे अक्कांनीच बजावलं होतं.

रविवारी रात्री सव्वाआठला आम्ही दारात उभ्या. एका मैत्रिणीच्या मुलाने मामाची क्रूझर चालवत आणली होती. पोरगा एकोणीस वर्षांचा. आत ही गर्दी! लग्नाचे वाढदिवस, मेणबत्त्या, पोरांचा रडारडा, कढईतून धूर निघणारे काहीतरी पदार्थ. दाराशी वही घेऊन उभ्या असलेल्या मुलाने विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, "बारा." त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "जेंट्स कोण आहे सोबत?"

नाव लिहिलं गेलं ते त्या पोराचं. पैसे आमचे, बेत आमचा, वय आमचं; आणि वहीत नाव ज्याने फक्त गाडी आणली त्याचं. पाऊण तास आम्ही दारात उभ्या होतो. आमच्या मागून आलेले पुरुषांचे दोन गट आत गेले. त्यांनी फोनवर आधी सांगितलं होतं म्हणे. असेलही. मग आम्हाला वर पाठवलं, 'फॅमिली सेक्शन'ला. जागा कुठली, तर हात धुण्याच्या बेसिनजवळ, स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला लागून. खाली दिव्यांचा, गारेगार मोठा हॉल दिसत होता आणि तिथे दोन टेबलं रिकामी होती. मी म्हटलं, आम्हाला खाली बसायचंय. व्यवस्थापक अगदी आदबीने म्हणाले, "मॅडम, खाली ड्रिंक्स चालतं. तुम्हाला बरं वाटणार नाही."

मैत्रिणींनो, हा आदब ओळखायला शिकलं पाहिजे. कुणी आम्हाला हाकललं नाही, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. आमच्या भल्यासाठीच आम्हाला बेसिनजवळ बसवलं. पिणारे बेशिस्त वागतील अशी भीती असेल तर जिना चढून वर जायचं पिणाऱ्यांनी की आम्ही? माझ्या आईच्या वेळी हॉटेलात पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असे. बाई दिसू नये आणि बाईला कुणी दिसू नये, अशी ती सोय. आता पडद्याऐवजी जिना आला आहे. आणि 'फॅमिली' म्हणजे नेमकं काय? एकटी बाई आली तर ती फॅमिली नाही, तिच्याकडे सगळे वळून बघतात. अकरा बायका आल्या तर त्याही फॅमिली नाहीत, ती 'लेडीज पार्टी'. त्यांच्यात मिसरूड फुटलेला एक पोरगा आला की झाली फॅमिली पुरी!

आपल्या राज्यघटनेच्या कलम १५ मधलं दुसरं पोटकलम पुन्हा काढून वाचावं, अशी माझी विनंती आहे. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा इथल्या प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाही नागरिकाला आडकाठी करता येणार नाही, असं त्यात आहे. लिंग हा शब्द त्यात स्पष्ट आहे. घटना लिहिणाऱ्यांना हॉटेल ही फालतू गोष्ट वाटली नाही, कारण हॉटेलाच्या दारात माणसाची पायरी ठरवली जाते हे त्यांना माहीत होतं. आमच्या अंगणवाडीच्या ताईंच्या आज्याला गावच्या हॉटेलात चहा बाहेर, वेगळ्या कपात मिळायचा आणि तो कप त्यांनाच विसळून ठेवावा लागे. त्या दिवशी जिना चढताना ताई मला हळूच म्हणाल्या, "आज्याला बाहेर बसवलं, मला वर बसवलं." याच्यावर मी काय बोलणार?

बाहेरच्या देशांतही हे सुखासुखी सुटलेलं नाही. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलातली ओक रूम दुपारच्या जेवणाच्या वेळेला फक्त पुरुषांसाठी असे. फेब्रुवारी १९६९ मध्ये बेटी फ्रीडन आणि त्यांच्या मैत्रिणी तिथे मुद्दाम जाऊन बसल्या, तेव्हा वेटरांनी त्यांच्यासमोरचं टेबलच उचलून नेलं. पुढे काही महिन्यांत तो नियम गेला. पेरू देशातल्या लिमा शहरात तर पार २०१९ साली एका उंची उपाहारगृहाला दंड झाला. पुरुषासोबत आलेल्या बाईच्या हातात ते किमती नसलेलं मेनूकार्ड देत. दर वाचायचा तो पुरुषाने, तिने नुसतं निवडायचं.

आमच्या टेबलावर किमती होत्या, पण कार्ड एकच आलं आणि ते पोरासमोर ठेवलं गेलं. "साहेब, सुरुवातीला काय आणू?" साहेब लाल झाले आणि आईकडे बघायला लागले. बिलही काळ्या पाकिटातून त्याच्याच पुढ्यात. तेव्हा त्याची आई मोठ्याने म्हणाली, "अहो, ह्याला रोजचे वीस रुपये मी देते, बिल इकडं आणा!" वर बसलेल्या सगळ्या 'फॅमिल्या' हसल्या. वेटरही हसला. त्या मुलाचा राग मला आला नाही. त्याला तसंच शिकवलेलं होतं.

बिल ४,६४० रुपये, त्यावर पाच टक्के जी.एस.टी. २३२, एकूण ४,८७२. वर्गणी ४,९५० जमली होती. उरलेले ७८ रुपये वेटरला दिले.

आता ज्येष्ठ ताईंच्या आक्षेपाकडे येते. त्यांचा हिशेब खोटा नाही. अक्कांनी मेनूकार्ड वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "हे पनीर म्हणजे माझ्या दोन दिवसांच्या विड्या." पण त्यांनी पनीर मागवलं. हा निर्णय त्यांचा होता. आपल्या शहरातल्या किती संघटनांच्या, मंडळांच्या बैठकांनंतर पुरुष कार्यकर्ते 'बसायला' जातात, हे आपण वर्षानुवर्षं पाहतो. तिथे किती खर्च झाला आणि त्यात किती पोरींच्या फिया निघाल्या असत्या, हे त्यांना बैठकीत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. बाईच्या घासाचा मात्र हिशेब होतो. तो बहुतेक वेळा बाईच करते. घरात सगळ्यांची ताटं झाल्यावर, उरलंसुरलं घेऊन, ओट्याशी उभ्याने जेवण्याची सवय आपल्या हाडात गेली आहे. जेवण झाल्यावर अक्कांना विचारलं, काय आवडलं? पनीर म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तो पोरगा दोनदा येऊन विचारला ओ, अजून काय आणू म्हणून. मला असं कोण विचारलंय कधी?" ही चैन असेल तर असो. मला ती हवी आहे, आणि विडी वळणाऱ्या बाईला माझ्याहून जास्त हवी.

पण मी एवढ्यावरच थांबले असते तर ज्येष्ठ ताईंचंच खरं ठरलं असतं. कारण त्या हॉटेलात अकराच बायका नव्हत्या.

मेनूकार्डात 'सोलापुरी प्लॅटर' म्हणून एक प्रकार होता. लाकडी पाटावर दोन कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, ठेचा आणि कांद्याची एक चकती. किंमत ३६० रुपये. आमच्या भाकरीवाल्या मैत्रिणीने भाकरी उचलून उलटीसुलटी केली, कडेवर बोट फिरवलं. "माझी न्हाई, पण हातचीच हाय. कुणा बाईची हाय," म्हणाली. तिला स्वतःला एका भाकरीचे किती सुटतात ते तिने सांगितलं, तेव्हा वकीलबाईंनी पाटावरचा हात मागे घेतला. मुंबईत १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते गिरणी कामगारांना घरी डबे रांधून घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी. त्या बायका शेकड्यांनी माणसं जेवू घालत, तरी त्यांना कुणी धंदेवाईक म्हणत नसे. आजही तेच आहे. बाईने रांधलं तर ते घरकाम. तेच काम पांढरी टोपी घातलेल्या पुरुषाने केलं की तो शेफ.

मग अक्का संडासाला गेल्या. वरच्या मजल्यावर बायकांच्या संडासाच्या दारात थंड पेयांची खोकी रचून ठेवलेली होती, म्हणून त्यांना मागच्या बाजूने, स्वयंपाकघरातून पाठवलं. बराच वेळ झाला तरी येईनात. आल्या त्या गप्प. गाडीत बसल्यावर सांगितलं. मागे, ओल्या फरशीवर, भांड्यांच्या ढिगाशी चारजणी होत्या. त्यातली एक त्यांच्याच वसाहतीतली, कुंभारीची. दोन गल्ल्या सोडून घर. तिने घरी आणि शेजारी सांगून ठेवलंय की ती दवाखान्यात आया आहे. हॉटेलात रात्री काम करणाऱ्या बाईबद्दल लोक काय बोलतात ते अक्कांनाही माहीत आहे आणि तिलाही. ती अक्कांना एवढंच म्हणाली, "अक्का, कुणाला सांगू नका." तिचं काम संध्याकाळी पाचला सुरू होतं, सुटायला बारा वाजतात. बसायला काही नाही. भांडी संपली की भिंतीला टेकायचं. आणि आमच्या ७८ रुपयांतलं त्या ओल्या फरशीपर्यंत काहीच पोचत नाही.

एम.एस.डब्ल्यू. करताना कामगार कायद्यांचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झाले होते. महाराष्ट्रात १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवता येत नसे. २०१७ च्या नव्या कायद्याने ती बंदी उठवली. ती उठली हे बरंच झालं. 'तुझ्या रक्षणासाठी तुला काम नको' हा व्यवस्थापकांच्या जिन्यासारखाच प्रकार होता. दारू दिली जाते अशा जागी बायकांना कामाला ठेवू नये, असं सांगणारं पंजाब अबकारी कायद्यातलं कलमही सर्वोच्च न्यायालयाने अनुज गर्ग खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये रद्दबातल ठरवलं, ते याच विचाराने. पण आपल्या २०१७ च्या कायद्याने रात्रीच्या कामाला अटी घातल्या आहेत. बाईची संमती हवी, तिची सुरक्षितता आणि प्रतिष्ठा सांभाळली गेली पाहिजे, आणि तिला कामाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था हवी. घराच्या दारापर्यंत! बारानंतर कुंभारीच्या त्या दारापर्यंत ती कशी पोचते? कधी मिळेल त्या रिक्षाने, कधी कुणाच्या मोटरसायकलवर. मोटरसायकलवरून उतरताना कुणी पाहिलं की दुसऱ्या दिवशी वसाहतीत कुजबुज.

बसण्याचा प्रश्नही वाटतो तेवढा साधा नाही. केरळात कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर उभं ठेवत. कोळिकोडच्या बायका संघटित झाल्या, वर्षानुवर्षं लढल्या, आणि २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात त्यांच्या बसण्याच्या सोयीची तरतूद झाली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही ती केली. आम्ही पाऊण तास उभ्या राहिलो तर मला एवढा राग आला!

खाली मोठ्या हॉलमध्ये बसायला मिळावं हा आमचा हक्क आहे, आणि तो मी सोडणार नाही. यापुढे आमचा गट बाहेर जेवायला जाईल तेव्हा वहीत नाव बाईचंच लागेल, खालचंच टेबल मागू आणि बायकांच्या संडासासमोरची खोकी हलवल्याशिवाय बसणार नाही. इतर गटांनीही आपापल्या शहरात हे करून बघावं, आणि काय झालं ते लिहून कळवावं. पण झुलत्या दाराच्या पलीकडे किती बायका आहेत, त्या किती वाजता सुटतात, घरी कशा जातात, त्यांच्यावर कुणी हात टाकला तर तक्रार कुठे करायची हे त्यांना सांगितलेलं आहे का, हेही त्याच दमात विचारावं लागेल. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. भांडी घासणाऱ्या बाईला ही दोन्ही नावं सारखीच अनोळखी.

त्या रात्री साडेदहाला आम्ही निघालो. क्रूझरमध्ये तेरा जण बसतात, आम्ही बारा होतो. अक्का उतरून पुन्हा मागच्या दाराशी गेल्या, कुंभारीलाच चाललोय, येतेस का म्हणून विचारायला. तिचे दीड तास अजून बाकी होते. गाडी तिच्याशिवाय गेली.

येत्या मंगळवारी दुपारी तीनला, हॉटेलाचं काम सुरू व्हायच्या आधी, त्या चौघींपैकी दोघी अक्कांच्या घरी येणार आहेत. वकीलबाई आणि मी जाऊ. हॉटेलाचं नाव इथे लिहू नको, असं अक्कांनी मला दोनदा सांगितलं आहे, आणि त्या दिवशी घरी कुणी विचारलं तर आम्ही बचत गटाचं काम करत होतो असंच सांगायचं आहे. ज्येष्ठ ताई म्हणाल्या, मीही येते.