आजोबांची बारा बोअर वारशाने मिळाली. पण ती चालवण्याजोगी आहे का?

अहिल्यानगर : संगमनेर, अकोले, राहुरीच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती कायम असताना घरातल्या जुन्या दुनळी बंदुकीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र परवाना नावावर झाला म्हणजे बंदूक वापरायला सुरक्षित झाली, असे नाही. परवान्यासाठी माणूस तपासला जातो, बंदुकीचा नंबर जुळवला जातो. तेवढीच कसून तपासणी नळीचीही व्हायला हवी.

नियम काय सांगतो?
परवानाधारकाच्या निधनानंतर त्याची बंदूक विनापरवाना घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. शस्त्र नियम २०१६ नुसार वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले, तर हयातीतही वारसाच्या नावे परवाना मागता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाच्या बंदुकाही त्यातच मोजल्या जातात.

धोका कुठे आहे?
पहिला धोका काडतुसाच्या लांबीचा. अनेक जुन्या इंग्रजी बंदुकांचे चेंबर अडीच इंची, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरचे असते. आजची नेहमीची काडतुसे ७० मिलिमीटरची. ती आत सहज बसतात, पण उडताना तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. दुसरा धोका दारूचा. काही जुन्या नळ्या फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या असतात. आजच्या धूरविरहित दारूचा दाब त्यांना पेलेलच असे नाही. कोणत्या दारूसाठी चाचणी झाली, हे नळीवरच्या शिक्क्यांवरून जाणकाराला कळते. तिसरा धोका चुकीच्या काडतुसाचा. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते. मागून १२ बोअरचे भरून चाप ओढला, तर नळी फुटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसे सहसा पिवळ्या रंगाची असतात.

आधी काय करावे?
परवानाधारक कारागिराने तपासेपर्यंत एकही बार काढू नये. नळीला पोचा, फुगवटा, आतून गंजाचे खड्डे आहेत का, सांधा ढिला आहे का, घोडा आपोआप पडतो का, हे त्याच्याकडून पाहून घ्यावे. वापरानंतर नळी ब्रशने व कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. चामड्याच्या म्यानात ओल धरते. पावसाळ्यात त्यात बंदूक ठेवू नये. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. हवेत बार काढणे तर गुन्हाच आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

बिबट्यासाठी उपयोग?
बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. प्रामाणिक स्वसंरक्षण सोडले, तर त्याच्यावर गोळी झाडणे गुन्हा ठरतो. भीतीपोटी रात्री उसाच्या फडात झाडलेले छर्रे पाणी धरायला गेलेल्या माणसालाही लागू शकतात.

वाहनाला फिटनेस प्रमाणपत्र लागते. मग वारसा हक्काचा परवाना देताना आणि दर नूतनीकरणाला कारागिराचा दाखला का मागू नये? तपासणीत नापास ठरलेली बंदूक रीतसर जमा करण्यात कमीपणा नाही. आजोबांची आठवण फोटोतही राहते. नळी फुटली तर गेलेली बोटे परत येत नाहीत.