जेवायला कुठे चांगले मिळते?



सिन्नर हे रस्त्यावरचे गाव आहे. नाशिकहून पुण्याला आणि शिर्डीला जाणाऱ्या वाटा येथे वेगळ्या होतात. मुंबईहून शिर्डीला पायी निघालेल्या पालख्या घोटीमार्गे येथूनच पुढे जातात. यादवांच्या काळातले गोंदेश्वराचे मंदिर पाहायला दूरदूरचे लोक येतात. समजा, असाच एक परदेशी पाहुणा आपल्या दोन मित्रांबरोबर एस. टी. स्टँडजवळ उभा आहे. तिघांनाही भूक लागली आहे. तो तुम्हांला विचारतो, "येथे जेवायला कुठे चांगले मिळते?" तुम्ही त्याला काय सांगाल?

मला खात्री आहे की, केवळ पाटी मोठी आहे म्हणून तुम्ही त्याला एखाद्या हॉटेलात पाठवणार नाही. मिसळीचा रस्सा कोणाकडे झणझणीत असतो, भाकरी कुठे तव्यावरून थेट ताटात येते, कोणत्या टपरीवरचा चहा पिऊन ड्रायव्हर लोक पुढचा प्रवास करतात, हे तुम्हांला ठाऊक असते. भेळभत्ता कोणाचा घ्यावा, यावर तर तुमच्या वर्गात भांडणही होऊ शकेल. ही माहिती कोणत्याही पुस्तकात छापलेली नसते. ती गावात राहणाऱ्याच्या जिभेवर असते.

आता उलट विचार करा. उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा सहलीसाठी तुम्ही मित्रांबरोबर परदेशी गेलात, तर तेथे अनोळखी पाहुणे तुम्ही असाल. पण त्या गावातही तुमच्यासारखाच एक मुलगा असेल, एक मुलगी असेल. त्यांना सगळे ठाऊक असेल. म्हणून माझे मत असे आहे की, परदेशात चांगले जेवण पैशाने सापडत नाही, ते विचारल्याने सापडते. आणि आपले लोक नेमके हेच करायला लाजतात.

मराठी माणसे सहलीला युरोपात जातात, तेव्हा अनेकदा त्यांच्याबरोबर स्वयंपाकीही जातो. सकाळी बर्फाचे डोंगर पाहायचे आणि दुपारी वरणभात खायचा! उमराहला जाणाऱ्या मंडळींचेही बऱ्याच वेळा असेच असते. ठरलेल्या वेळी आपल्याकडचीच डाळ, आपल्याकडचीच रोटी समोर येते. म्हाताऱ्या माणसांना हे सोयीचे आहे, त्यांना मी दोष देणार नाही. आजीचे पोट बिघडले, तर साऱ्या घराचा प्रवास बिघडतो. पण पंधरा-वीस वर्षांच्या निरोगी मुलांनी इस्तंबूलला जाऊन पुन्हा वरणभातच शोधावा, हे मला पटत नाही.

न विचारण्याचे दुसरे कारण म्हणजे भीती. आपल्याला चालणारे अन्न तेथे मिळेल का? तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात हलालचा प्रश्न असेल. हा प्रश्न योग्यच आहे, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. गांधीजी 1888 साली शिकण्यासाठी लंडनला गेले. मांसाहार करणार नाही, असे वचन त्यांनी आईला दिले होते. सुरुवातीला त्यांची उपासमारच झाली. शहरात शाकाहारी खाणावळी आहेत, हे त्यांना त्यांच्या घरमालकिणीकडून कळले. मग ते रोज दहा-बारा मैल पायी भटकत. स्वस्त ठिकाणी पाव खाऊन पोट भरत, पण समाधान होत नसे. शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना 'सेंट्रल' नावाची शाकाहारी खाणावळ सापडली. इंग्लंडमध्ये आल्यावर पोटभर जेवलो ते तेथेच प्रथम, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. घरमालकिणीचे बोलणे आणि पायांची मेहनत, या दोन गोष्टींवर त्यांचे काम झाले.

त्याच लंडनमध्ये गांधीजींच्या कितीतरी आधी, 1810 साली, पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी हिंदुस्थानी पदार्थांचे हॉटेल उघडले होते. ते फार दिवस चालले नाही. दोनच वर्षांत त्यांचे दिवाळे निघाले. अलीकडे, 2010 साली, सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या मुंबईत एकत्र शिकलेल्या दोन मित्रांनी लंडनच्या हाउन्स्लो भागात वडापावचे दुकान काढले आणि ते नावारूपाला आले. घरची आठवण आली, तर तेथे जरूर जा. पण पहिल्याच दिवशी नको. वडापाव सिन्नरलाही मिळतो.

मित्रांबरोबर जाण्यात एक खरी अडचण असते. समजा, तुम्ही चौघे आहात. एक जण हलाल पाहतो. एक मैत्रीण मांस खात नाही. तिसरा जैन असल्यामुळे कांदा-लसूणही वर्ज्य करतो. चौथ्याला सगळे चालते आणि त्याला सगळ्यांचा कंटाळा आलेला असतो! अशा वेळी जेवणाच्या वेळेस चौघे चार दिशांना जातात. सहलीतली निम्मी मजा तेथेच संपते. कारण दिवसभर जे पाहिले, त्याच्या गप्पा जेवतानाच रंगतात. म्हणून चौघांना एकाच टेबलाशी बसता येईल, अशी जागा मी चांगली मानतो. चव त्यानंतर पाहू.

अशी जागा कशी असते, हे सिंगापूरने दाखवले आहे. तेथे रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणाऱ्या फेरीवाल्यांना सरकारने हळूहळू मोठ्या छपरांखाली आणले. या जागांना 'हॉकर सेंटर' म्हणतात. एका छपराखाली पन्नास-शंभर छोटी दुकाने असतात. चिनी, मलय, तमिळ असे सगळ्यांचे पदार्थ शेजारीशेजारी शिजतात. टेबले मात्र सर्वांची सामाईक असतात. आपल्याला हवे ते हव्या त्या दुकानातून घ्यावे आणि एकत्र बसावे. हलाल दुकानांवर तशी पाटी असते. कित्येक ठिकाणी हलाल जेवणाची ताटे परत ठेवायची जागाही निराळी असते. कोणी कोणाला नावे ठेवत नाही. 2020 साली युनेस्कोने या हॉकर संस्कृतीची नोंद जगाच्या सांस्कृतिक वारशात केली. आपल्याला हसू येईल अशी एक गोष्टही तेथे दिसते. गर्दीच्या वेळी लोक टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवून जागा धरतात आणि मग जेवण आणायला जातात. आपण एस. टी.च्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो, तसेच हे!

शेजारच्या मलेशियात पेनांग नावाचे बेट आहे. तेथे 'नासी कंदार' हा पदार्थ फार लोकप्रिय आहे. नासी म्हणजे भात. कंदार म्हणजे खांद्यावरची काठी, जिला आपण कावड म्हणतो. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी कावडीच्या एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला कालवण घेऊन बंदरावरच्या कामगारांना जेवण विकत. कावड आता दिसत नाही, पण नाव टिकले आहे. भातावर दोन-तीन प्रकारची कालवणे एकत्र ओततात. ताट दिसायला काही सुंदर नसते. चवीबद्दल मात्र तेथील लोकांनाच विचारा.

तुर्कस्तानात गेलात, तर 'एस्नाफ लोकांतासी' अशी पाटी शोधा. एस्नाफ हा शब्द तुम्हांला अनोळखी वाटणार नाही. उर्दूच्या तासाला तुम्ही साहित्याच्या 'असनाफ'विषयी वाचता, तोच हा शब्द. तुर्की भाषेत त्याचा अर्थ दुकानदार आणि कारागीर असा झाला. म्हणजे ही बाजारातल्या कष्टकऱ्यांची खाणावळ. काचेमागे शिजवलेले पदार्थ मांडलेले असतात. पांढऱ्या घेवड्याची उसळ, पिलाव, वांगे, मटण. भाषा येत नसली, तरी बोट दाखवता येते. पण दुपारी उशिरा जाऊ नका, चांगले पदार्थ संपून जातात.

मॉरिशसमध्ये तर तुम्हांला आपलीच माणसे भेटतील. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी भारतातून जे लोक तेथे गेले, त्यांत मराठी माणसेही होती. तेथे रस्त्यावर दाल पुरी मिळते. डाळ शिजवून, वाटून मैद्याच्या पातळ पोळीत भरतात. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून टाकला, तर जे उरेल ते साधारण असे. ती जोडीने विकतात आणि वर घेवड्याचे कालवण व चटणी घालतात. हिला घरचे जेवण म्हणावे की परदेशी, ते तुम्हीच ठरवा.

कोणी म्हणेल, विचारून फसवणूक होते. होते, हे खरे आहे. म्हणून कोणाला विचारतो, तेही महत्त्वाचे. पाहुण्यांना ठरावीक हॉटेलात नेऊन दलाली मिळवणारे लोक सगळ्या देशांत आहेत. त्यामुळे स्टेशनाबाहेर आपणहून पुढे येणाऱ्याला विचारू नये. औषधाच्या दुकानातल्या माणसाला विचारा, बस कंडक्टरला विचारा. "चांगले हॉटेल कोणते?" असेही विचारू नका, कारण पाहुण्याला शोभेल असे महागडे नाव ते सांगतील. "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" असे विचारा. हल्ली मोबाइलवर प्रत्येक हॉटेलाला तारे दिलेले दिसतात. ते पाहायला हरकत नाही. मात्र त्यांतले पुष्कळसे तारे तुमच्यासारख्याच पाहुण्यांनी दिलेले असतात.

आणि स्वच्छता? उघडे कापून ठेवलेले फळ आणि कुठलेही पाणी टाळावे. जेथे गर्दी आहे आणि अन्न डोळ्यांसमोर शिजते आहे, तेथे ते शिळे राहायला वेळच मिळत नाही. किंमत आधी विचारावी. यात कमीपणा नाही.

निघण्यापूर्वी एक काम घरीच करून ठेवा. एका कागदावर त्या देशाच्या लिपीत तीन-चार वाक्ये जाणकाराकडून लिहून घ्या. हे हलाल आहे का? यात डुकराचे मांस किंवा दारू आहे का? माझी मैत्रीण मांस आणि अंडी खात नाही. माझा मित्र कांदा-लसूण खात नाही. मोबाइलवर भाषांतर होते, पण त्याची बॅटरी नेमकी जेवणाच्या वेळी संपते. कागद दाखवताना त्यांच्या भाषेतला एक शब्द तोंडाने म्हणा. तुर्कस्तानात 'तेशेक्कुर', मलेशियात 'तेरिमा कासिह'. दोन्हींचा अर्थ 'आभारी आहे'. पहिला शब्द तुम्हांला शिकावाही लागणार नाही, तो उर्दूतला 'तशक्कुर'च आहे. दुकानदाराने नाही म्हणून मान हलवली, तर हसून तोच शब्द म्हणा आणि शेजारच्या दारात विचारा.