जरा हसून दाखव!

मेसमधली डाळ ताटात पडली की आपण सगळे तोंड वाकडं करतो. व्हायवाला एक्स्टर्नलने भलतंच विचारलं की तोंड पडतं, आणि रिझल्ट लागला की काहींना तोंड दाखवायला जागा उरत नाही. मराठीत तोंडाशिवाय पान हलत नाही म्हणा ना! पण मित्रांनो, तोंड खरोखरच वाकडं होतं आणि ते काही केल्या सरळ करता येत नाही, तेव्हा काय करायचं, यावर आपण कधी बोलतो का? माझं मत असं की बोललं पाहिजे. इंजिनिअरिंगवाल्यांनी तर जरूर, कारण हा मामला बराचसा वायरिंगचा आहे.

‘रामायण’ मालिकेतली मंथरा आठवते? ललिता पवारांचा तो बारीक झालेला डावा डोळा पुष्कळांना अभिनय वाटायचा. तो अभिनय नव्हता. येवल्यात जन्मलेली ही नटी मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होती, नायिका होती. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या शूटिंगमध्ये मास्टर भगवान यांची थप्पड जरा जास्तच जोरात बसली. चेहऱ्याला लकवा झाला, डाव्या डोळ्याची रक्तवाहिनी फुटली. तीन वर्षं उपचार चालले, तरी डोळा अधू राहिला तो राहिलाच. नायिकेची कामं संपली आणि खाष्ट सासूची सुरू झाली. पुढे ‘अनाडी’तली मिसेस डिसा (१९५९) त्यांनी काय केली आहे, बघाच. आपण ही गोष्ट नेहमी ‘जिद्द असावी तर अशी’ या सदरात सांगतो. जिद्द होतीच. पण मला त्यात दुसरंही दिसतं. अर्धा चेहरा गेला आणि बाईंचा धंदाच बदलला. त्या निदान सासू तरी होऊ शकल्या. सेल्समन, शिक्षक, रिसेप्शनवरची मुलगी, लग्नाचा मुलगा, यांनी काय व्हायचं?

आता थोडं सर्किट. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी सातव्या जोडीतली प्रत्येकी एक नस चेहऱ्याच्या एकेका बाजूला जाते. कानाच्या हाडातून साधारण तीन सेंटिमीटर लांबीच्या अरुंद बोगद्यातून ती येते, कानाच्या पाळीमागे बाहेर पडते आणि गालातल्या लाळग्रंथीत शिरून फुटते. मनगट कानाखाली टेकवून पाचही बोटं गालावर पसरा: कपाळ, डोळा, गाल, जबड्याची कड आणि मान. अशाच तिच्या पाच फांद्या असतात. हसणं, डोळा मिटणं, शिट्टी वाजवणं, चूळ भरणं, सगळं या एका केबलवर! चावण्याची आणि स्पर्शाची लाइन मात्र वेगळी, पाचव्या नसेची. म्हणून तोंड वाकडं झालेला माणूस घास चावू शकतो, पण तो घास गालात अडकून बसतो आणि पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळतं. ही वेगळी लाइन लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आमच्या अंजूरला, म्हणजे भिवंडीजवळच्या, वसईच्या मोहिमेतल्या गंगाजी नाईकांच्या अंजूरला, तोंड वाकडं झालं की एकच निदान असतं. “वारा लागला!” मग तेल येतं, मालीश येतं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. आणि गंमत म्हणजे पुष्कळ जण बरेही होतात! कारण रात्रीत तोंड वाकडं होणाऱ्यांपैकी बहुतेकांना ‘बेल्स पाल्सी’ असते. नस बोगद्यात सुजते आणि स्वतःच दाबली जाते. यातले दहातले सातेक जण काहीही न करता पूर्ण बरे होतात, आणि पहिल्या ७२ तासांत डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर आणखी जास्त. म्हणजे मालीशवाल्याने काही केलं नाही तरी सत्तर टक्के मार्क त्याच्या खिशात. असा पेपर आपल्याला मिळाला असता तर! कंट्रोल न ठेवता प्रयोग केला की रीडिंग असंच येतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पण घरच्यांना कोण सांगणार?

खरा घोटाळा पुढे होतो. हेच औषध मग कापलेल्या नसेलाही लावलं जातं.

शेजारचा दादा एका शेडमध्ये यंत्रमाग बघायचा. धोटा, म्हणजे शटल, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या बसवलेला लाकडाचा ठोकळा असतो. तो मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो आणि कधीतरी मागातून सुटून बाहेर उडतो. दादाच्या कानापुढे गालात घुसला. जवळच्या एका दवाखान्यात टाके पडले. टाके इतके सुरेख की आज व्रण शोधावा लागतो. पट्टी सुटल्यावर दिसलं की डोळा मिटत नाही आणि ओठ उजवीकडे ओढला जातोय. “सूज आहे, उतरेल.” सूज उतरली. मग “वारा लागला”. मग तेल. मग आणखी कुणाचं तेल. सव्वादोन वर्षांनी तो मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचला. तिथे पहिला प्रश्न विचारला गेला, “टाके घालायच्या आधी तोंड हलत होतं का?” कुणालाच माहीत नव्हतं. कुणी बघितलंच नव्हतं.

या प्रश्नाला एवढं महत्त्व का? नस तुटली की तिचा पुढचा तुकडा लगेच मरत नाही. साधारण तीन दिवस त्याला बारीक करंट दिला तर स्नायू हलतो. म्हणजे त्या तीन दिवसांत सर्जन जखम उघडून स्टिम्युलेटरने टोक शोधू शकतो, जसं आपण मल्टिमीटर लावून वायर ओळखतो. नंतर तो तुकडा मुका होतो आणि पांढऱ्या मांसातून पांढरा धागा हुडकत बसावं लागतं. टोकं सापडली की मायक्रोस्कोपखाली केसाहूनही बारीक नायलॉनने शिवतात. मध्ये तुकडा गहाळ असेल तर पोटरीतली किंवा कानाजवळची स्पर्शाची नस काढून जोड देतात. त्या जागी थोडी बधिरता राहते, बाकी काही नाही. मात्र ही तांब्याची तार नव्हे, की सोल्डर केली आणि बल्ब लागला. जोडलेल्या जागेपासून नवे तंतू पुढे वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. आणि तिकडे स्नायू वाट बघत वाळत असतात. साधारण वर्ष-दीड वर्ष ते थांबतात, फार तर दोन. मग नस पोचली तरी हलवायला काही उरत नाही. आपल्या सबमिशनला तरी एक्स्टेन्शन मिळतं.

जोडणी वेळेत झाली तरी वाढणारे तंतू कधी चुकीच्या फांदीत शिरतात. मग हसलं की डोळा मिटतो, किंवा जेवताना एका डोळ्यातून पाणी येतं. क्रॉस कनेक्शनच ते!

उशीर झाला म्हणजे सगळं संपलं असंही नाही, आणि हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. १८९५ साली लंडनला सर चार्ल्स बॅलन्स यांनी चेहऱ्याच्या मेलेल्या नसेला खांद्याची नस जोडली. चेहरा हलला, पण खांद्याबरोबर! पुढे जिभेची नस वापरली गेली. १९७० च्या दशकात दुसऱ्या, चांगल्या बाजूच्या नसेवरून कनेक्शन ओढून आणायची पद्धत आली, आणि १९७६ मध्ये जपानच्या हारी यांनी मांडीतला ग्रॅसिलिस नावाचा अख्खा स्नायू, रक्तवाहिन्या आणि नसेसकट, गालात बसवल्याचं प्रसिद्ध केलं. आणि ती पाचव्या नसेची वेगळी लाइन आठवते ना? दात दाबा आणि कानशिलावर बोट ठेवा. जो फुगतो तो टेम्पोरॅलिस स्नायू. त्याचं खालचं टोक सोडवून ओठाच्या कोपऱ्याला बांधता येतं. दादाचं तेच झालं. आता दात दाबले की तो हसतो. सुरुवातीला आरशासमोर बसून तासन्‌तास सराव केला. हळूहळू काही जणांचा मेंदू असा शिकतो की दात न दाबताही हसू येतं. दादाचं अजून पूर्ण तसं नाही. फोटो काढताना तो आधी जबडा आवळतो, हे आम्हाला कळतं.

हे सगळं परदेशातलं कौतुक समजू नका. मुंबईच्या जे. जे. मध्ये डॉ. नोशीर अँटिया यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. हॅरोल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस फिल्मस्टारची नाकं करत बसला नाही. त्याने कुष्ठरुग्णांचे हात आणि चेहरे हाती घेतले. कुष्ठरोगातही ही नस मरते, पापणी मिटत नाही आणि उघडा डोळा सुकून आंधळा होतो. टेम्पोरॅलिसचीच पट्टी पापण्यांतून फिरवून असे डोळे मिटते करण्याचं काम इथे झालं. अँटिया २००७ मध्ये गेले.

हे एवढ्यासाठी सांगितलं की ‘प्लास्टिक सर्जरी’ म्हटलं की आपल्याकडे लगेच “ते श्रीमंतांचे चोचले” सुरू होतं. दादाला घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी ऐकवलं होतं, “पुरुषाला काय करायचंय तोंड? हातपाय धड आहेत ना?” याला माझा ठाम विरोध आहे. डोळा न मिटणं हे सौंदर्य नाही. पाणी गळणं, ‘प’ आणि ‘ब’ नीट न उच्चारता येणं, हे सौंदर्य नाही. आणि समजा फक्त हसूच गेलं, तरी हसू ही चैन आहे हे कुणी ठरवलं? दादा त्या काळात एका लग्नाला गेला नाही. मुलाच्या शाळेत गेला नाही. पोरगं म्हणायचं, बाबा रागावलेत.

भिवंडीतल्या डॉक्टरांना शिव्या घालायला हा लेख नाही. रक्त वाहत असताना गर्दीच्या कॅज्युअल्टीत एकटा डॉक्टर आधी रक्त थांबवणार, आणि ते बरोबरच आहे. पण जखमीबरोबर कुणीतरी असतं. अंजूरफाट्याच्या रस्त्यावर कंटेनर आणि खड्ड्यांमधून बाईक घसरते तेव्हा उचलून नेणारे पुष्कळदा आपल्यासारखेच असतात. हॉस्टेलवर तर आपणच असतो, रेक्टर सर मागून येतात. तर गालाला, कानाला किंवा डोक्याला मार असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर बधिर करायचं इंजेक्शन देण्याआधी त्याला चार गोष्टी करायला सांगा: भुवया वर कर, डोळे घट्ट मीट, दात दाखव, गाल फुगव. दहा सेकंद लागतात. इंजेक्शननंतर याचा उपयोग नाही, कारण औषधानेही नस झोपते. एक बाजू हलत नसेल तर डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर वेळेसकट लिहायला लावा. डोक्याला मार लागून कानातून रक्त आलं असेल तर हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. तोंड मार लागताक्षणी गेलं की दोन दिवसांनी, यावर सर्जन पुढचं ठरवतात. उशिरा गेलेलं बहुधा सुजेमुळे असतं आणि परत येतं. (बाय द वे, कान उघडे ठेवणारी ती टोपीछाप हेल्मेटं या हाडासाठी काहीच करत नाहीत.)

मार नसताना अचानक तोंड वाकडं झालं आणि कपाळाला मात्र दोन्हीकडे आठ्या पडत असतील, हातात जोर नसेल, बोलणं अडखळत असेल, तर ते मेंदूचं असू शकतं. तिथे दिवस नाही, तास मोजायचे. खात्री नसेल तरी तसंच समजून निघायचं.

नस कापली असेल तर केईएम, सायन, नायर, जे. जे. या सगळीकडे प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. अंजूरहून कशेळीच्या पुलावरून ठाणे आणि तिथून लोकल. जाईपर्यंत आणि नंतरही डोळा सांभाळायचा. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब, रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने बंद. पट्टी पापणी पूर्ण मिटवून लावायची, नाहीतर तीच बुबुळावर घासते.