दार लावून घेतल्यावर

‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण आळशी माणसाला टोमणा मारायला वापरतो. देवावर भरवसा ठेवून आहे, असे कोणी म्हणाले की त्याच्याकडेही आपण जवळजवळ याच नजरेने पाहतो. त्यातून तो खोलीत एकटाच प्रार्थना करीत बसणारा असेल, तर पळपुटाही ठरतो. ख्रिस्ताने मात्र शिष्यांना नेमके हेच करायला सांगितले. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करू नका, आत जा आणि दार लावून घ्या, असा उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. दार लावले की देखावा संपतो, हे सहज कळते. पण माणसांपुढे हात पसरणेही तिथेच संपू शकते, याकडे आपले लक्ष जात नाही.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्युलर यांनी १८३६ साली अनाथ मुलांसाठी एक घर उघडले. मागायचे ते प्रार्थनेत, माणसांकडे नाही, आणि कर्ज कधी काढायचे नाही, हे त्यांचे दोन नियम. पुढे अ‍ॅशली डाउनच्या टेकडीवर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. तिथे दोन हजारांवर मुलांची सोय होती. बँकेत तारण, जामीनदार आणि परतफेडीची ऐपत पाहण्यात माझी उमर गेली. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो बिनदिक्कत नामंजूर केला असता. अर्थात म्युलरसाहेबांनी तो केलाच नसता!

मला भावते ती त्यांची खतावणी. आलेली लहानसहान देणगीसुद्धा नोंदली जाई आणि दरवर्षी अहवाल छापला जाई. अहवाल छापणे म्हणजे आडून मागणेच, असे शंकेखोर म्हणतील. त्यात थोडे तथ्य आहे. पण १८४१ च्या अखेरीस हाती पैसा नसताना म्युलर यांनी वार्षिक सभा आणि अहवाल मुद्दाम लांबणीवर टाकले. आपली अडचण ऐकून कोणी पैसे देऊ नयेत, म्हणून! वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या आपल्या मंडळांना हे सांगून पाहावे.

या म्युलर यांचे चरित्र आपल्या पंडिता रमाबाईंनी वाचले होते. परदेशात देवावर विसंबून काम चालते, तर ते हिंदुस्थानात का चालू नये, असा प्रश्न त्यांना पडला. प्रश्न पुस्तकी नव्हता. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली होती. स्वतः रमाबाईंनीही उपासमार सोसली होती. १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुलींना घेऊन आल्या. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते, ती मुदतही आता भरत आली होती. बेरीज-वजाबाकी करणाऱ्याने मुली आणल्याच नसत्या. रमाबाईंनी केडगावला त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ उभी केली. नंतरच्या दुष्काळात तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

पण केडगावला कोणी खाटल्यावर बसून नव्हते. शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. प्रार्थनेने काम वाचत नाही. उद्याच्या धास्तीने हातपाय गळतात, ते तेवढे थांबते. माझ्या मते एकांतातल्या प्रार्थनेचे मोल इथे आहे. चिंता चारचौघांत बोलून दाखवली, तर तिला सहानुभूती मिळते, क्वचित वर्गणीही मिळते. दाराआड मात्र ती सोपवावी लागते आणि मग उठून दळण-कांडणाला लागावे लागते.

एक प्रश्न तरीही उरतो, आणि भाविकांनी तो टाळू नये. मागितलेले मिळाले नाही तर? भरवसा हा देवाशी केलेला व्यवहार असेल, तर पहिल्याच बुडीत खात्याला तो मोडतो. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांचा उजवा हात होती, संस्था पुढे तिच्याच हाती जायची होती. १९२१ साली आईच्या देखत ती गेली. या आईने बंद दाराआड तेव्हा काय मागितले असेल, ते विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. बाहेर दिसते ते एवढेच, की मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी हातचे सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा ते भाषांतर पुरे झालेले होते.