हक्काचा पगार, उपकार नव्हे

"ताई, तुम्ही जरा माझ्यासोबत याल का? एकटी गेले की शेठ नुसतं 'बघू' म्हणतात."

आमच्या बचत गटातली ती. साड्यांच्या दुकानात चार वर्षं काम केलं. पगार महिना सात हजार, रोख, पाकिटातून. सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून जानेवारी २०२६मध्ये तिने काम सोडलं, तेव्हा दोन महिन्यांचा पगार शेठकडे अडकलेला होता. चौदा हजार रुपये. आधी शेठ म्हणाले, संक्रांत होऊ दे. मग म्हणाले, लग्नसराईचा माल भरलाय, हात तंग आहे. शेवटी म्हणाले, तू न सांगता काम सोडलंस, शिवाय एका साडीला डाग पाडलास, तुझं काही निघतच नाही! घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे, कशाला तोंडाशी लागतेस?"

मैत्रिणींनो, हे 'जाऊ दे' आपल्या अंगात फार मुरलंय. मालक देतो तेव्हा आपण त्याचे आभार मानतो आणि नाही दिलं की नशिबाला बोल लावतो. पण केलेल्या कामाचा पगार म्हणजे काही उधार-उसनवार नव्हे. तो आपलाच पैसा आहे, फक्त दुसऱ्याच्या गल्ल्यात पडलेला.

कायदाही हेच सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात वेतन संहिता लागू झाली. तेव्हा पेपरात चार कामगार संहितांच्या मोठ्या बातम्या आल्या, बाजूने-विरोधात पुष्कळ बोललं गेलं. कामगार संघटनांचे काही आक्षेप नक्कीच विचार करण्यासारखे आहेत. पण आपल्यासारख्यांच्या उपयोगाचं त्यात जे आहे, ते मात्र कुणी नीट सांगितलं नाही.

पहिली गोष्ट, काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर कामाच्या दोन दिवसांच्या आत सगळा पगार हातात पडला पाहिजे. संक्रांत नाही, लग्नसराई नाही, दोन दिवस! दुसरी गोष्ट मुदतीची. पूर्वी थकलेल्या पगारासाठी वर्षाच्या आत आणि किमान वेतनाच्या फरकासाठी सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागे. आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. (थकबाकी संहितेच्या आधीची असेल, तर मात्र वाट न पाहता लगेच चौकशी करा.) तिसरी गोष्ट, दुकानात दोनच माणसं कामाला असली तरी हा कायदा लागू होतो. अधिकाऱ्याला पटलं तर तो थकलेल्या रकमेवर दहा पटींपर्यंत भरपाई लावू शकतो, आणि तरीही मालकाने दिले नाहीत तर शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी ती वसूल होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. 'मला मिळाला नाही' याचा पुरावा आपल्याला द्यायचा नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. शेठ उद्या म्हणाले, "ही बाई माझ्याकडे कामालाच नव्हती", तर? नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची पावती नाही, बँकेत जमा नाही. कायदा कितीही चांगला असला तरी तो कागदाच्या दारातूनच आत येतो, आणि आपल्या छोट्या गावांतलं निम्मं काम तोंडी चालतं. म्हणून मी तिला म्हटलं, "घरी काय काय आहे ते सगळं घेऊन ये."

तिने आणलं ते बघून मीच चकित झाले. 'उद्या लवकर ये, माल उतरायचाय' असे शेठचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप. दिवाळीत दुकानात लक्ष्मीपूजनाला काढलेला सगळ्यांचा फोटो. आणि लेकीच्या जुन्या वहीत, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, चार वर्षांचे खाडे आणि घेतलेली उचल तारखेनिशी मांडलेली! नववी शिकलेल्या बाईने आपल्या पुराव्याची फाईल स्वतःच तयार करून ठेवली होती, फक्त तिला ते माहीत नव्हतं.

साडीच्या डागाचं म्हणाल, तर नुकसानीपोटी पैसे कापता येतात. पण आधी तिला तिची बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. पूर्ण दोन महिन्यांचा पगार एका डागात बुडत नाही. शिवाय कामगार कार्यालयात कळलं, की तिचा सात हजार पगार मुळातच किमान वेतनाहून कमी होता. दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्येच सांगितलंय, की किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारीच. म्हणजे थकलेल्या पगारासोबत हा फरकही मागता येतो.

आम्ही काय केलं? साध्या मराठीत एक पत्र लिहिलं. काम कधीपासून कधीपर्यंत, पगार किती, थकला किती. स्पीड पोस्टाने पाठवलं, पावती जपून ठेवली. आठ दिवसांत शेठचा फोन आला आणि नऊ हजार मिळाले. उरलेल्या पैशांसाठी आणि फरकासाठी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज दिलाय, तो अजून चालू आहे. हेलपाटे आहेत, तारखा आहेत, खोटं कशाला सांगू? पण दुकानातल्या आणखी दोघी आता तिच्याशी बोलायला लागल्यात. अनेकींना मिळून एकच अर्ज करता येतो, हेही लक्षात ठेवा. वकिलाची भीती वाटत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा फोन नंबर.

हे सगळं करताना एक गोष्ट मला टोचत राहिली. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडची भांड्यांची बाई महिन्याच्या मध्येच न सांगता यायची बंद झाली. मी चिडले आणि तिचे बारा दिवसांचे पैसे दिलेच नाहीत. म्हणजे मी शेठसारखंच वागले की! फरक एवढाच, की तिला माझ्याविरुद्ध या संहितेचा आधार नव्हता. संहिता दुकान-कारखान्यासारख्या आस्थापनांसाठी आहे, आपलं स्वयंपाकघर त्यात धरलेलं नाही. महाराष्ट्रात २००८च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ आलं, पण पगार बुडवणाऱ्या मालकिणीला जाब विचारणारा कायदा अजून नाही. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला सांगितलं. तो येईल तेव्हा येईल.

मी तिचं घर शोधून काढलं. पैसे दिले, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्यायचं होतं ताई, मी तर सोडूनच दिलं होतं." मुलगा तापाने फणफणला होता, म्हणून येता आलं नव्हतं. मी तेव्हा विचारलंच नव्हतं.

म्हणून दोन कामं सांगते. नोकरी करत असाल, तर आजच एक वही करा आणि त्यात हजेरी, खाडे, उचल, पगार तारखेसह लिहा. आणि घरी बाई कामाला येत असेल, तर तिच्याही नावाची वही करा. महिना संपला की दोघींनी मिळून बघा.