‘चालते’ म्हणजे ‘जुळते’ नव्हे

‘कोणतीही रॅम टाका, चालते.’ संगणकाच्या दुकानांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. आठ जीबी म्हणजे आठ जीबी, जणू साखरेचा किलो! गिऱ्हाइकाला अडाणी ठेवून माल खपवण्याची ही पद्धत आहे, आणि आपण ती मुकाट्याने सोसतो.

मदरबोर्डला रॅमचा आकडा नव्हे, प्रकार आधी लागतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही डेस्कटॉप रॅमना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, व्होल्टेजही वेगळं. एएमडीच्या एएम५ सॉकेटला फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या १२व्या पिढीचे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात. म्हणून नुसतं प्रोसेसरचं नाव सांगून भागत नाही, बोर्डाचा पूर्ण मॉडेल नंबर लागतो.

ही चूक निदान लगेच कळते, कारण रॅम खाचेत बसतच नाही. खरा घात बसणाऱ्या पण न जुळणाऱ्या रॅमने होतो. संगणक सुरू होतो, दुकानदार पैसे घेतो, आणि आठवड्याने निळी स्क्रीन येते. बहुतेक घरगुती संगणकांच्या रॅममध्ये सर्व्हरसारखी चूक पकडणारी ईसीसी सोय नसते. त्यामुळे एखादा बिट उलटला तर कुणी ओरडत नाही. विद्यार्थ्याचा प्रकल्प किंवा किराणा दुकानाचा वर्षाचा हिशेब गुपचूप बिघडतो. शिव्या मात्र विंडोजला पडतात.

खोक्यावरच्या आकड्यांचंही तसंच. डीडीआर४चं अधिकृत मानक ३२०० वेगापर्यंतच जातं. खोक्यावर ३६०० लिहिलेलं असलं, तर तो वेग बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्यावरच मिळतो, तेही प्रोसेसर आणि बोर्डाने साथ दिली तर. आकडा ठळक छापतात, अट कुणी सांगत नाही.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतला माल ओला लागला. ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं, ही हदीस आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. दोष झाकून विकणं ही फसवणूकच. मग ‘चालते’ म्हणून न जुळणारी रॅम गळ्यात मारणाऱ्याला आपण वेगळा न्याय का लावतो? धान्याचा ओलावा हाताला लागतो, रॅमचा लागत नाही, एवढाच फरक.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘गरीब गिऱ्हाइकाला स्वस्तच हवं असतं.’ स्वस्त द्या की! जुनी रॅमही द्या, पण योग्य प्रकारची, तपासलेली, आणि जुनी आहे असं सांगून. मेमटेस्ट८६+ फुकट मिळतं. रात्रभर चालवलं तर बहुतेक खराब पट्ट्या उघड्या पडतात. गरिबाला दुसऱ्यांदा खरेदी करायला लावणारा माल स्वस्त कसा?

गिऱ्हाइकानेही थोडे कष्ट घ्यावेत. बोर्ड बनवणारी कंपनी तपासलेल्या रॅमची यादी आपल्या संकेतस्थळावर देते, ती पाहावी. दोन पट्ट्या हव्या असतील तर एकाच पाकिटातली जोडी घ्यावी, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या खाचांत बसवावी; चार खाचांच्या बोर्डावर बहुधा दुसरी आणि चौथी. चमचमत्या दिव्यांचे पैसे वाचवून ते वॉरंटीत घालावेत.

आणि बिलावर कंपनी, प्रकार, वेग, पार्ट नंबर आणि वॉरंटी लिहून मागावी. फक्त ‘रॅम ८ जीबी’ असं खरडून देणाऱ्याच्या दुकानाची पायरी उतरावी.