श्रोत्यांचा कंठ

गाणें ऐकणें निराळें आणि गाण्यांत सामील होणें निराळें. अलीकडे शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनांत पहिल्याचें राज्य वाढत असून दुसरें लोपत चाललें आहे. ध्वनिवर्धकांतून तयार गीत वाजतें, मुलें त्यावर पावलें टाकतात, पालक तें मोबाईलमध्यें टिपून घेतात. आणि सबंध सायंकाळीं एकाहि माणसाचा गळा उघडत नाहीं. ही स्थिति पालटावी असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ एका जुन्या गायनसभेची हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

ही सभा ८ जून १९६३ रोजीं अमेरिकेंतील न्यू यॉर्क शहरीं, कार्नेगी हॉल या प्रख्यात सभागृहांत झाली. गाणारे पीट सीगर हे त्या देशांतील लोकगीतांचे थोर गायक व स्वतः गीतें रचणारे गृहस्थ होते. बायबलांतील ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या वचनांस चाल लावून त्यांनीं केलेलें गीत सर्वत्र गाजलें आहे. आपल्या राजकीय संबंधांविषयीं कायदेमंडळाच्या समितीनें विचारलेल्या प्रश्नांस उत्तर देण्याचें त्यांनीं १९५५ सालीं नाकारलें. त्याबद्दल १९६१ सालीं त्यांस एक वर्षाच्या कैदेची शिक्षा झाली, व १९६२ सालीं अपिलांत ती रद्द झाली. दूरचित्रवाणीचीं दारें त्यांस बंद असतां ते कॉलेजें, शाळा व मुलांचीं शिबिरें यांतून गात हिंडले. श्रोत्यांस गावयास लावण्याची त्यांची कला तेथेंच अधिक मुरली असावी, असें आम्हांस वाटतें.

त्या रात्रीं त्यांच्या साथीस वाद्यवृंद नव्हता. कातड्यानें मढविलेला पांच तारांचा बँजो आणि गिटार, एवढेंच साहित्य. पुढची ओळ येण्याच्या आंत तिचे शब्द झटकन सांगावयाचे, म्हणजे श्रोते ती उचलीत. आपल्याकडे भजनांत बुवा चरण सांगतात व टाळकरी तो झेलतात, त्यांतलाच हा प्रकार.

त्या सभेंत ‘वुई शॅल ओव्हरकम’ हें गीत झालें. तें कोणा एकाचें नव्हे. चर्चमधील जुन्या गायनाच्या वळणावर तें वाढलें. १९४५-४६ च्या सुमारास साउथ कॅरोलायनांतील चार्ल्स्टन येथें तंबाखूच्या कारखान्यांतील संपकरी कामगारांनीं तें गाइलें. तेथून तें टेनेसींतील हायलँडर शाळेंत आलें, आणि तेथील झिल्फिया हॉर्टन या बाईंकडून सीगर यांनीं तें घेतलें. गिरिजाकुमार माथुर यांनीं त्यास हिंदी रूप दिलें. तेंच आपल्या मुलांचें पाठ असलेलें ‘हम होंगे कामयाब’.

परंतु हें गीत पाठ असणें वेगळें आणि त्याची गरज भासणें वेगळें. त्या सभेच्या महिनाभर आधीं, २ मे १९६३ रोजीं, अलाबामांतील बर्मिंगहॅम येथें वर्णभेदाविरुद्ध हजाराहून अधिक शाळकरी मुलेंमुली चर्चमधून गात बाहेर पडलीं. शेंकडों मुलांस अटक झाली. दुसऱ्या दिवशीं मुलांवर पाण्याचे जोरदार फवारे मारण्यांत आले व पोलिसी कुत्रे सोडण्यांत आले. तरुणांनीं वडील पिढीस धडा शिकविला आहे, असें सीगर यांनीं कार्नेगी हॉलमध्यें श्रोत्यांस सांगितलें, व त्यांस गाण्यांत ओढून घेतलें. भीति एकट्यास गांठते. शेजाऱ्याचा आवाज कानीं आला म्हणजे ती मागें हटते. सामुदायिक गायनाचा उपयोग तो हाच.

कोणी म्हणेल कीं, मुलांचे सूर जमत नाहींत, तयार गीत निर्दोष असतें, आणि परीक्षांच्या गर्दींत तालमीस वेळ कोठला? यांत पुष्कळसें खरें आहे. यंत्राची निंदाहि आम्ही करीत नाहीं. सीगर यांची ती सभा आमच्यापर्यंत पोहोंचली ती ध्वनिमुद्रणाच्याच द्वारें. परंतु त्या मुद्रणांत मनास भिडतो तो सभागृहभर उठणारा सामान्य माणसांचा आवाज. तो निर्दोष नाहीं, पण तो त्यांचा स्वतःचा आहे. उसन्या निर्दोषपणाहून आपल्या मुलांचा स्वतःचा आवाज आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

म्हणून आमची सूचना अशी: येत्या संमेलनांत निदान एक गीत असें असावें कीं, त्या वेळीं यंत्र बंद असेल, पेटी व तबला पुढें येईल, शब्द फळ्यावर लिहिलेले असतील, आणि विद्यार्थी, शिक्षक, शिपाई व पालक एकत्र उभे राहून गातील. नाटकांत ज्याची निवड होत नाहीं तो मुलगा आणि वर्गांत जिचें तोंड उघडत नाहीं ती मुलगी, यांना त्या मेळ्यांत आपला आवाज सांपडेल. पालकांस विनंति एवढीच, कीं त्या वेळीं हातांतील मोबाईल खिशांत ठेवावा आणि मुलांबरोबर मोकळ्या गळ्यानें गावें.